सूर्यापासूनची वाकडी वाट

दशक्रियेला प्रवचन महाराजांनीच करायचं, असा तळेगाव ढमढेऱ्यातला रिवाज. हौसरावांची लेक स्नेहल मात्र म्हणाली, "आबांसाठी मी बोलणार."

"पोरीनं?" धाकटे चुलते म्हस्कू चपापले. "आन् बोलणार काय? ते सूर्याचे कण?"

"तेच."

तिच्या आईने, तुळजाबाईंनी, पदराने डोळे पुसले. "बोलू द्या, भावजी. बापलेकीचं भांडण अर्धंच राहिलंय."

भांडण खरंच होतं. सूर्यावरून सुटणारे विद्युतभारित कण हा स्नेहलच्या अभ्यासाचा विषय. हौसराव म्हणायचे, सूर्य समोर, आपण समोर, कण सरळच येणार. ती म्हणायची, वाकडे येतात. दर फोनवर हेच. दोघांपैकी कुणी कधी हटलं नाही.

घाटावर पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या संपल्या तसा तिने माईक घेतला.

"सूर्यावर मोठा स्फोट झाला की तापलेल्या वायूची एक भिंतच सुसाट निघते. समोरून येणाऱ्या बॅटवर चेंडू बसला तर तो जास्त वेगाने परततो ना, तसा या भिंतीवर आदळलेला कण वेग घेऊन उलटतो. पुढची विस्कटलेली चुंबकीय रेषा त्याला पुन्हा भिंतीवर लोटते. पुन्हा टोला, पुन्हा वेग."

"आन् मग सरळ हिकडंच येतो!" वडिलांचे जोडीदार इनुसमामा मागून उठले. "हौसराव असता तर गप बसला नसता. त्याच्या वतीनं बोलतोय मी."

हशा पिकला. स्नेहलही हसली. आबांच्या बाजूने कुणीतरी उभं होतं.

"मामा, तुमच्या रानात पाणी द्यायला तुषार फिरतो. थेंब तर तोटीतून सरळच सुटतो. मग धार वाकडी का दिसते?"

"तोटी फिरती म्हणून."

"सूर्यही फिरतो. त्याच्यातून वाहणाऱ्या वायूबरोबर चुंबकीय रेषा तशाच बाक घेतात. कण त्या रेषेला धरून, गिरक्या घेत येतो. म्हणून समोरच्या स्फोटापेक्षा सूर्याच्या पश्चिम कडेच्या स्फोटातले कण पुष्कळदा आपल्याला आधी गाठतात."

इनुसमामांनी बोटाने हवेत धार काढली. पुन्हा काढली. मग खाली बसले.

"हरला हौसराव. पर त्याला ठावं हुतं, पोरी. मला म्हणायचा, कबूल केलं तर फोन करायची न्हाई ती."

स्नेहलने माईक दुसऱ्या हातात घेतला.

"अजून एक मुद्दा राहिलाय, मामा," ती म्हणाली. "संध्याकाळी फोन करते."