तिसऱ्या डब्याचं पाप

"कराच्या भुता, चालता हो! समुद्रापार तोंड काळं कर!"

सेतेफानोनं खोबरेल तेलात बुडवलेली बोटं पार्सलच्या पावतीवर फिरवली आणि डोळे मिटले. बेटावरच्या बंदराच्या धक्क्यावरल्या पोस्टात मुंगीला शिरायला जागा नव्हती. काउंटरवरच्या कारकुनानं ऑकलंडहून आलेलं खोकं पुढं सरकवलं. आत प्रोटीनच्या भुकटीचे दोन डबे होते, आणि आयातकर शून्य! लोकांनी टाळ्या पिटल्या. कुणी कोंबडी पुढं केली, कुणी अळूच्या कंदांची टोपली.

"दोनच डबे मागवायचे बरं का," सेतेफानो बजावत होता. "तिसरा डबा म्हणजे लोभ! लोभ्याला माझा हात पावत नाही."

रांगेच्या टोकाला गणिताच्या बाई फिलोमेना दातओठ खात उभ्या होत्या. अर्धी रांग त्यांच्याच विद्यार्थ्यांची. यांना आपण त्रैराशिक शिकवलं, त्याचं हे फळ!

पुढं कोच आउकुसोला हाव सुटली. वजन उचलणाऱ्या पोरींच्या संघासाठी त्यानं एकदम तीस डबे मागवले. एकाच खोक्यात आणले की वाहतूक स्वस्त पडते, हा त्याचा हिशोब. तीस डबे म्हटल्यावर सेतेफानो जरा घुटमळला. पण संघातल्या सिनालेईच्या आईनं दोन वर्षं खपून विणलेली मानाची चटई समोर आली आणि त्याचं लोभाचं तत्त्वज्ञान गुंडाळलं गेलं. "देवाच्या कामाला आकडा नसतो," म्हणाला.

खोकं आलं ते भलीमोठी पावती घेऊनच. आयातकर, त्यावर विक्रीकर, माल सोडवणाऱ्या एजंटाची फी, शिवाय गोदामाचं रोजचं भाडं.

सेतेफानो गडबडला नाही. "संघात कुणीतरी रविवार बाटवलाय," त्यानं जाहीर केलं. "कोण ते बोला!"

सिनालेईनं मान खाली घातली. रविवारी प्रार्थनेच्या वेळी ती घरामागं बैठका मारत होती, हे शेजाऱ्यांनी पाहिलं होतं. कोचनं तिथल्या तिथं तिला संघातून काढलं. निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती आणि तिच्या वजनगटात बेटावर तिच्या तोडीची दुसरी पोर नव्हती.

"मावशी, खरंच माझ्यामुळं झालं का गं?" सिनालेईनं फिलोमेनाबाईंना विचारलं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"तुझ्या बैठका ऑकलंडपर्यंत ऐकू गेल्या म्हणायच्या!" फिलोमेनाबाई उखडल्या. "बापरे, काय मांड्या आहेत!"

त्या कोचकडे गेल्या. तो म्हणाला, "बाई, श्रद्धेचा प्रश्न आहे." पाद्रीबाबांकडे गेल्या. ते म्हणाले, "गावात वाद नको." पोस्टातल्या कारकुनाला विचारलं, करमाफीचा नियम काय? तो म्हणाला, "पत्रक होतं बाई, कुठं गेलं कोण जाणे." बाईंचं डोकं भणाणून गेलं. शहाण्यासुरत्या माणसांच्या गावात साधा प्रश्न विचारणं हाच गुन्हा झाला होता.

मग त्यांनी वाद घालणं सोडलं. रविवारी, ऐन प्रार्थनेची घंटा वाजत असताना, त्यांनी स्वतःच्या नावानं दोन डबे मागवले. बारा दिवसांनी त्या पावती आणि सिनालेईला घेऊन पोस्टात आल्या. रांगेत तिची आई आणि कोचही होते. पावतीला तेलाचा थेंब नव्हता, तळलेल्या माशाचा डाग तेवढा होता.

"थांबा! माझा हात लागल्याशिवाय उघडलंत तर कर बसेल!" सेतेफानो ओरडला.

"बसू दे. मी उभी आहे."

कारकुनानं पावती पाहिली, शिक्का मारला आणि खोकं पुढं सरकवलं. "कर नाही, बाई."

रांगेतल्या माना उंचावल्या.

"रविवारी मागवलेत मी," बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "घंटा वाजताना! आता सांग सेतेफानो, भूत कुठं गेलं?"

"तुमच्यावर... दया झाली," तो पुटपुटला.

बाईंची नजर काउंटरमागच्या भिंतीवर गेली. तिथं सेतेफानोच्या हसऱ्या फोटोचं कॅलेंडर होतं. नववर्षाला त्यानंच भेट दिलेलं, स्वतःच्या हातानं टांगलेलं. बाई काउंटरला वळसा घालून गेल्या आणि त्यांनी ते उचललं. खाली पिवळं पडलेलं सरकारी पत्रक होतं.

"सिनालेई, वाच."

पोरगी पत्रकाजवळ जाऊन वाचू लागली. "ठरावीक किमतीच्या आतल्या पार्सलला आयातकर नाही. किंमत त्यापुढं गेल्यास संपूर्ण मालावर कर."

"दोन डबे मर्यादेच्या आत. तिसरा बाहेर," बाई म्हणाल्या. "हेच याचं पाप आणि हेच पुण्य! कोंबड्या तुमच्या, नियम सरकारचा, आणि चमत्कार याचा!"

सेतेफानो तेलाची बाटली काउंटरवरच विसरून सटकला. सिनालेईची आई चटईसाठी त्याच्यामागं धावली.

कोच रांगेतून पुढं आला. "पोरी, उद्या पहाटे सरावाला ये," तो म्हणाला. "माझं चुकलं." मग खिशातून पुढच्या ऑर्डरीचा कागद काढून त्यानं भक्तिभावानं बाईंपुढं धरला. "बाई, आता तुम्हीच एकदा हात लावा."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग तो कागद हिसकावून त्यांनी पत्रकाशेजारी भिंतीवर दाबून धरला.

"हात नाही, आउकुसो. डोळे लाव! कुणी नियम वाकवून दाखवतो म्हणाला, की आधी नियम कुठं लिहिलाय ते विचारा, आणि त्यावर काय टांगलंय ते उचलून बघा. रांग लावा सगळ्यांनी. एकेकानं मोठ्यानं वाचायचं."

कोचनं चष्मा पुसला आणि पहिली ओळ वाचायला घेतली.