डब्यातली आई

तिचं काम ऐकायला सोपं, करायला जीव काढणारं. काचेच्या बंद खोलीत बसायचं आणि माइकसमोर इंग्रजीचे सुटे शब्द म्हणायचे. वाक्य एकही नाही. चाळीस क्रियापदं, मी-तू-ती-ते असा सर्वनामांचा गोतावळा, आणि टू, फॉर, विथ, ॲट असली चिल्लीपिल्ली. प्रत्येक शब्द तीनदा म्हणायचा: वाक्याच्या तोंडाशी यावा तसा, मध्ये यावा तसा आणि शेवटी उतरावा तसा. मग यंत्र ते तुकडे जुळवून हजारो वाक्यं करणार आणि मुलांच्या सरावाच्या डब्यातून ती बोलणार. लुक ॲट मी. गिव्ह इट टू हर. वेट फॉर अस.

"चिंध्या मी द्यायच्या, गोधडी यंत्र शिवणार," ती घरी सांगायची.

काचेपलीकडे ध्वनिमुद्रणाला बसत ते कानवाले काका. डास कुठल्या भिंतीवर बसला हे ऐकून सांगणारा माणूस. त्यांचा नियम एकच: शब्द कोरडा हवा. "माया नको, राग नको, लाड नकोत. ओल्या शब्दाला दुसरा शब्द चिकटत नाही, बाई."

पण देवानं माणसाला वाणी दिली ती काही कोरडी दिली नाही. जिवात बुडवूनच दिली. एके दिवशी तिची सहा वर्षांची लेक, घरात सगळे जिला ठिणगी म्हणत, तापानं फणफणली होती. सासूबाईंचा फोन आला, "सूनबाई, पोर तुझं नाव घेऊन रडतेय गं." हिनं फोन ठेवला तेव्हा यादीतले तीनच शब्द उरले होते. कम. टू. मी. डोळे मिटून तिनं ते म्हटले. समोर माइक नव्हताच, अंथरुणात हात पसरून पडलेली पोर होती.

काका थबकले. "ओलं आलंय. परत घेऊ या?"

"काका, जाऊ द्या ना मला."

"जा, जा. तसं कानाला गोड लागतंय," काका म्हणाले, आणि नियम मोडून त्यांनी ते तसेच ठेवले. चूक दोघांची, आणि दोघांचीही मायेपोटी.

ताप उतरला. दोन महिन्यांनी डबे तयार झाले आणि कामावरच्या सगळ्यांना एकेक मिळाला. ठिणगीला नव्या शाळेच्या मुलाखतीसाठी इंग्रजी हवंच होतं. हातात मावेल एवढा निळा डबा, वर एक बटण. ठिणगी खूश. दिवसभर आई कानाशी!

आणि खरी आई? ती संध्याकाळी यायची ती घसा सोलून. आता तिच्याकडे दुसऱ्या संचाचं काम होतं. दिवसाला सहाशे शब्द कोरडे म्हणून झाले की घरी "जेव" आणि "झोप" हेही तसेच कोरडे निघत. सासूबाई म्हणायच्या, "अगं, पोरीशी बोलतेस की सामानाची यादी वाचतेस?"

पहिला काटा टोचला तो एका सकाळी. ही ओट्याशी उभी होती, आणि ठिणगी खेळता खेळता उठून आतल्या खोलीकडे निघाली.

"कुठे गं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई बोलावतेय."

"डोळे फुटले का? आई ही काय समोर उभी."

ठिणगीनं हिच्याकडे वळून पाहिलं, परक्या बाईकडे बघावं तसं. "ही नाही. ती."

आतल्या खोलीत डबा बोलत होता. कम टू मी. कम टू मी.

हिच्या अंगावर सरसरून काटा आला. कामावर जाताच तिनं काकांना गाठलं. काकांनी धड्यांचा तक्ता काढला, चष्मा वर सरकवला आणि खाली घेतला. "तुमची लेक कितव्या धड्यावर आहे?"

"चौथ्या."

"मग शक्य नाही. कम हा शब्द तिसाव्या धड्याआधी डब्याला उघडतच नाही."

"पण मी या कानांनी ऐकलं, काका!"

काकांनी नुसता कान खाजवला.

घरी येऊन तिनं डबा कपाटाच्या माथ्यावर, जुन्या चादरींखाली टाकला. तीन दिवस ठिणगी धड जेवली नाही. चौथ्या दिवशी दुपारी कामाच्या जागी वीज गेली म्हणून ही लवकर परतली, तर दार सताड उघडं. सासूबाई खुर्चीत पेंगत होत्या. कपाटाला स्टूल लावलेलं, चादरी जमिनीवर.

वरून, जिन्यातून, तिचाच आवाज आला. कम अप टू मी.

चपला तिथेच टाकून ती धावली. चार मजले. गच्चीवर पाण्याच्या टाकीला लोखंडी शिडी होती. ठिणगी शिडीच्या मध्यावर होती, एक हात दांडीला, दुसऱ्या हातात डबा. टाकीचं झाकण सरकलेलं. खाली एका बाजूला गच्ची, दुसऱ्या बाजूला रस्ता.

"ठिणगे, खाली ये," ती म्हणाली. आवाज निघाला तो कामावरचा. सपाट.

पोरीनं खाली पाहिलं. "तू कामावरची आहेस. आई त्या टाकीच्या आत आहे. ती किती छान बोलावते."

कम टू मी, डबा म्हणाला. आणि काय सांगावं, त्या तीन शब्दांत एवढी माया होती की हिचंच पाऊल शिडीच्या पहिल्या पायरीवर पडलं. आपली सगळी ओल त्यात गेली आणि आपण चिपाड राहिलो, हे तिला तेव्हा उमगलं. गोड बोलून ती जिंकणार नव्हती. गोड सगळं तिकडे होतं.

पोर एक पायरी वर चढली. मग मात्र हिच्या पोटातून जे निघालं त्याला ना सूर होता ना ताल.

"कार्टे! उतरतेस की नाही? तंगडं मोडून हातात देईन! माझा जीव घ्यायला बसलीस का, अवदसे!"

आवाज फाटला, चिरकला, खोकल्यात अडकला. शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. ठिणगीचा ओठ थरथरला आणि तिनं भोकाड पसरलं. "आई ओरडली! आई ओरडली गं!" डबा सुटून टाकीत पडला, आणि पोर घसरत येऊन हिच्या गळ्यात पडली. हिनं आधी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिला असं कवटाळलं की सुटता सुटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काकांसमोर उभी राहिली. "ते तीन शब्द पुसा."

"तुम्ही सांगितलंत तेव्हापासून ते डोक्यात घोळत होतं. इथले रात्रीच पुसले," काका म्हणाले. त्यांचे डोळे सुजले होते. "पुसण्याआधी एकदा ऐकले, बाई. मी खुर्चीतून कधी उठलो, मला कळलं नाही. भिंतीला कपाळ लागलं तेव्हा थांबलो." मग त्यांनी विक्रीची वही पुढे सरकवली. "पण बाहेर गेलेले डबे अकराशे आहेत. त्यांच्यापर्यंत आपला हात पोचत नाही."

"फोन पोचतो ना?" तिनं वही ओढली आणि पहिला नंबर फिरवला.

पलीकडे एका बाईनं फोन उचलला. हिनं घाईघाईनं स्वतःची ओळख दिली, त्या निळ्या डब्यात माझाच आवाज आहे म्हणून सांगितलं.

"अय्या, ओळखलं की!" पलीकडची बाई कुजबुजली. "पण जरा हळू बोला. आमची मुलगी आत तुमच्याशीच बोलतेय."

"ताई, ऐका. तिला हाक मारा. आत्ता. जोरात, रागावून."

"रागावून? अहो, एवढी शहाणी झालीय ती हल्ली..."

"ताई, मारा हाक!"

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग एक हाक, बिचकत मारलेली. मग दुसरी, थोडी मोठी. मग लहान पावलं पळाल्याचा आवाज. हिनं रिसीव्हर कानात रुतेल इतका दाबला. पण पावलं आईकडे येत होती की दुसरीकडे चालली होती, ते काही तिला फोनवरून कळेना.