घाईचं अक्षर

शिरूरच्या एसटी स्टँडामागं सुवर्णाचं डीटीपीचं दुकान होतं. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात पुण्याहून फॉन्टची नवी सीडी आली आणि त्यातल्या एका अक्षरावर तिचा जीव जडला. कुणीतरी मांडीवर कागद ठेवून घाईघाईनं लिहावं तसं ते अक्षर: उजवीकडं कललेलं, डोक्यावरची रेघ मध्येच तुटलेली, वेलांटी लांबवर गेलेली. मग लोणच्याचं लेबल, शिवणक्लासची जाहिरात, 'खोली भाड्याने मिळेल', सगळं त्याच अक्षरात निघू लागलं. एका लिलावाची नोटीसही तिनं त्यात बसवली, तेव्हा नवरा दत्ता म्हणाला, लोकांना हे बारशाचं आमंत्रण वाटेल.

अशात मल्हारी नव्या घराच्या वास्तुशांतीची पत्रिका करायला आला. त्याला घोर होता तो पाटसच्या बिरदेवमामांचा. छापील पत्रिका आली की मामा रुसायचे. छापखान्यानं बोलावलं, भाच्यानं न्हाई, असं म्हणून घरीच बसायचे. सुवर्णानं आपलं लाडकं अक्षर सुचवलं. पत्रिकेच्या शेवटी काय घालायचं यावर मल्हारी बराच वेळ डोकं खाजवत बसला आणि शेवटी म्हणाला, "लिव्हा, वाट पाहतोय."

वास्तुशांतीला मामा सगळ्यांच्या आधी हजर. भाच्यानं कामधंदा सोडून आपल्या हातानं लिहिलंय, असं सांगत ते पत्रिका मांडवभर दाखवत फिरले. मल्हारीचे सासरे पोपटराव यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आपली पत्रिका काढून शेजारी धरली. दोन्हींतल्या 'पाहतोय'मधला ह अगदी सारखाच लंगडत होता.

सुवर्णा पंगतीत बसली होती. घास तसाच ठेवून ती उठली आणि खरं ते सांगून टाकलं: अक्षर कॉम्प्युटरचं, शब्द मात्र मल्हारीभाऊंचे. मामांनी भाच्याकडं पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता. मामा जेवायला बसले, श्रीखंडही दोनदा घेतलं, पण तिच्याकडं पाठ करूनच.

पुढच्या आठवड्यात ते स्वतःच दुकानात आले. नातीचं बारसं होतं आणि त्यांना तेच अक्षर हवं होतं. फक्त प्रत्येक पत्रिकेत वेगळी चूक करायची, म्हंजी कुणाला सापडणार न्हाई. कॉम्प्युटरला तसं जमत नाही, हे पटवता पटवता सुवर्णाचा चहा निवला. अखेर पाहुण्यांची नावं तरी पेनानं लिहायची असं ठरलं. मामा एकेक नाव सांगत गेले, ती लिहीत गेली.

मध्येच मामांनी एक पत्रिका डोळ्यांजवळ नेली. "हे कुठलं अक्षर?"

"माझं, मामा."

मामांनी पुन्हा निरखून पाहिलं. सुवर्णाचं अक्षर ताठ, एकसारखं, शाळेत बक्षीस मिळवलेलं.

"बरं हाय," ते म्हणाले, "पण जरा वाकडं लिव्हा, पोरी. माणसानं लिव्हल्यागत वाटत न्हाई."