आदिती माझ्यावर चढते तेव्हा

मित्रांनो, खुर्चीला मान असतो, टेबलाला मान असतो. मी मात्र एक जुनं, बुटकं स्टूल आहे, चंदगडकडच्या फणसाच्या लाकडाचं. मला बसण्यासाठी केलेलंच नाही. कोल्हापुरात संयोगिता मॅडमांच्या दवाखान्यात मुलांनी माझ्यावर पाय ठेवून चढायचं, एवढंच माझं काम. तरी कुणी माझ्यावर जेवणाचा डबा ठेवतं, कुणी ट्यूबलाइट बदलायला मला ओढत नेतं. असो. रागावून लाकडाला काय मिळणार?

मॅडमांकडे एका वेगळ्याच आजाराची मुलं येतात. शरीराचं रक्षण करणारी शक्तीच चुकून स्वतःच्या स्नायूंवर आणि कातडीवर उलटते. पापण्या जांभळट होतात, बोटांच्या सांध्यांवर लाल चट्टे उठतात आणि हुंदडणारं पोर जिना चढेनासं होतं. आजार किती जोरात आहे, हे थर्मामीटर लावून कळत नाही. मॅडम चट्टे बघतात, रक्त तपासतात आणि मुलांकडून साध्या गोष्टी करवून घेतात. निजून डोकं उचलून धरायचं, जमिनीवरून उठायचं, हात न टेकता माझ्यावर चढायचं. प्रत्येक गोष्टीला गुण. ते बघून औषध कमी-जास्त होतं.

आता गुण म्हटले की आपल्याकडं काय होतं, ठाऊक आहे ना? परीक्षा!

हुपरीची आदिती चौथीत होती. तिचे वडील जिनेंद्र घरीच चांदीची पैंजणं करतात. औषधानं तिचे गाल फुगले होते आणि वर्गात पोरं तिला 'भोपळा' म्हणायची. गोळ्या कमी व्हाव्यात, एवढंच तिला हवं होतं. तिच्या राजमती आजींनी घरी पाटावर पाट रचून तिची चढायची तयारीच करून घेतली. मांडीवर हात रेटायचा आणि वरून ओढणी सोडायची, ही युक्ती मात्र आदितीची स्वतःची. आजींनाही तिचा पत्ता नव्हता.

तपासणीच्या दिवशी ती ओढणी सावरत माझ्यावर चढली. मॅडमांना चढलेलं पाऊल दिसलं. मला कळलं ते वेगळंच. पाय थरथरत होता आणि सगळा भार हाताच्या रेट्यावर होता. पण मी ओरडणार कसं? मला तोंड कुठं आहे?

"बघा की मॅडम! पैल्या नंबरात पास हाय न्हवं माझी नात?" आजी म्हणाल्या.

मॅडमही इतक्या खूश झाल्या की तिला जमिनीवरून उठवून बघायचं राहूनच गेलं. गोळ्या कमी करायला त्यांनी पेन उचललं. माझा जीव खालीवर झाला. आजार आत धुमसत असताना औषध कमी झालं, तर उद्या या पोरीला घास गिळणंसुद्धा अवघड होईल. तशी मुलं मी इथं बघितली आहेत.

तेवढ्यात आजींनी नातीला ढोसलं, "अगं, मॅडमच्या पाया पड की!"

या नमस्काराची तयारी घरी झाली नव्हती. आदिती वाकली, गुडघ्यांवर बसली आणि तिला उठताच येईना. चाचपडत तिनं मला दोन्ही हातांनी धरलं. ओढणी खाली घसरली.

 आदिती रडायला लागली. "मला न्हाई जमत मॅडम, मी मांडीवर हात दाबून चढलेली. पण मला गोळ्या नकोत! समदी मला भोपळा म्हणत्यात."

राजमती आजींचा चेहरा उतरला. "मला का न्हाई सांगितलंस गं सोन्या?" एवढंच त्या म्हणाल्या.

मॅडम तिच्याशेजारी फरशीवरच बसल्या. "इथं कुणी पास-नापास होत नाही, बाळ. कमी गुण तुझे नव्हेत, आजाराचे आहेत. तूच ते लपवलेस तर मी भांडायचं कुणाशी?"

मग सगळं पुन्हा झालं, खरं खरं. गुण फारच कमी पडले. गोळ्या कमी झाल्या नाहीतच, वर इंजेक्शन सुरू झालं. जाताना आदिती माझ्याकडं रागानं बघून गेली. मला वाईट वाटलं, पण इलाज नव्हता.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. परवा ती आली, ओढणी आजींच्या हातात दिली, दोन्ही हात डोक्यावर धरले आणि चढली! पाय डगमगला नाही. वडिलांनी केलेली पैंजणं छान वाजली. मॅडमांनी गोळ्या थोड्या कमी केल्या. गाल अजून गोबरेच आहेत, पण उतरतील म्हणे.

मित्रांनो, जमत नसेल, दुखत असेल, तर मोठ्यांना सरळ सांगा. आणि वर्गात कुणाचे गाल फुगलेले दिसले तर त्याला नावं ठेवू नका. त्यापायी एका पोरीनं आपलं दुखणं ओढणीखाली लपवलं होतं.

हां, एक राहिलंच. परवा जाता जाता आदिती मागं वळली. मला पाय लावला होता ना, म्हणून खाली बसली आणि मला हात लावून तो कपाळाला लावला.

"येडी हाय का! लाकडाच्या पाया पडत्यात व्हय?" आजी हसत म्हणाल्या आणि तिला उठवायला पुढं झाल्या.

मॅडमांचं पेन बाजूला पडलं होतं. गुण कुणी मांडत नव्हतं. आदिती कशालाही न धरता उठून उभी राहिली होती.