दोन वराती

नकाराचा कागद तळहाताएवढा होता. त्यावर तीनच ओळी होत्या. अर्ज मंजूर झालेला नाही. कारण सांगितलं जात नाही. याच कामासाठी पुढचे सहा महिने अर्ज घेतला जाणार नाही. हिएनने तो इतक्या वेळा उलगडून वाचला की घडीवर तो फाटायला आला, तेव्हा तिने मागून चिकटपट्टी लावली. लोक नवऱ्याची पत्रं जपतात. तिचा नवरा पत्रं लिहीत नव्हता, रोज फोनच करायचा. जपायला तिच्याकडे हा एवढा नकारच होता.

नवरा, विन्ह, परदेशात नागोयाला यंत्राचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता. लग्नानंतर तीन महिन्यांनी तो परत गेला, तेव्हा हिएनला दिवस गेल्याचं नुकतंच कळलं होतं. मुलगी झाली ती त्याने फोनवरच पाहिली. लालसर, चिमुकली, म्हणून घरात तिचं नाव पडलं तेप. तेप म्हणजे बारकी कोळंबी. खरं नाव दाखल्यावर होतं, पण त्या नावाने तिला अजून कोणी हाक मारली नव्हती.

व्हिसा मिळणारच अशी सगळ्यांची खात्री होती. हिएनने शाळेतली शिकवायची नोकरी सोडली. नागोयाच्या थंडीसाठी तेपला एक मापाने मोठा असा पिवळा कोट घेतला. भांड्याकुंड्यांची वाटणीही झाली होती. मग तो कागद आला, आणि हिएन होती तिथेच राहिली: दाय नदीकाठच्या गावात, सासूच्या घरात, लव्हाळ्याच्या चटया विणायच्या मागाशेजारी. नोकरी दुसरीला मिळाली होती. कोट खुंटीला लटकत होता आणि तेप त्याच्या मापाची होत चालली होती.

कारण कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ज्याच्या त्याच्याकडे एकेक कारण होतं.

"फोटोत हसली असशील," पालेभाजीवाली म्हणाली. "हसलेलं चालत नाही त्यांना."

"अगं, न हसल्यामुळेच!" शेजारची टोफूवाली म्हणाली. "तोंड असं केलंयस, जसं काही आधीच नाकारलंय."

हिएन हसायची, भाजी घ्यायची आणि घरी येऊन फोटो बघायची. खरंच, तोंड तसंच होतं. ती शिकलेली होती. कारणाशिवाय काही घडत नाही हे तिने मुलांना शिकवलं होतं, आणि आता तिला प्रत्येक गोष्ट कारण वाटत होती. सही जरा तिरकी आली होती ती. अर्ज दिला त्या दिवशी खिडकीपुढे तेप रडली होती ते. खिडकीतल्या माणसाला तिने "धन्यवाद" म्हटलं नव्हतं, की म्हटलं होतं? रात्री कूस बदलली की हे सगळं तिच्याबरोबर कूस बदलायचं.

आणि तेप मोठी होत होती. बोलायला लागली तेव्हा पहिला शब्द आला "बाबा", पण तो ती फोनला म्हणायची. फोन बंद असला तरी. चार्जिंगला लावलेल्या फोनकडे बोट दाखवून म्हणायची, "बाबा झोपला."

सहावा महिना सरत आला तसं हिएनने तेपला काखेत घेतलं आणि तालुक्याच्या गावी स्वेनताईकडे गेली. झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत ताई लोकांचे अर्ज भरून द्यायची. भिंतीवर देशोदेशीचे झेंडे, टेबलावर सूर्यफुलाच्या बिया. बिया फोडता फोडताच ती बोलायची.

"हे बघ बाळ, या खेपेला गेलं तर गेलं. दोनदा नाकारलं ना, की तिसऱ्यांदा फाईल उघडतसुद्धा नाहीत. माझा अनुभव आहे."

"पण चूक काय झाली ते कळल्याशिवाय मी दुरुस्त काय करू, ताई?"

"काहीच करू नकोस. सगळं नीट होतं. मीच भरला होता ना अर्ज!" ताईने टरफल थुंकलं आणि थांबली. "घरी चौकशीचा फोन आला होता तेव्हा काय सांगितलंत तुम्ही?"

"कसला फोन?"

"अगं, बऱ्याच जणांच्या घरी येतो. नवरा काय करतो, लग्न कधी झालं, असलंच विचारतात."

"मला नाही आला."

ताईने जुनी फाईल काढली, पान उलटलं, बोट ठेवलं. घरच्या संपर्काचा नंबर सासूबाईंचा होता. त्यांचा तो बटणांचा जुना फोन, चार्जिंग कधी संपत नाही म्हणून तोच दिलेला. हिएनच्या मनात पाल चुकचुकली. बसमध्ये ती स्वतःला समजावत राहिली, की फोन आला असता तर आई बोलल्या असत्या. पण बस खड्ड्यात गेली, तेपचं डोकं तिच्या हनुवटीवर आपटलं, आणि तिला आठवलं की आई न विचारलेलं कधीच बोलत नाहीत.

सासूबाई मागावर होत्या. हिएनने तेपला खाली सोडलं आणि उभ्या उभ्याच विचारलं.

"आला होता की," सासूबाई लव्हाळं ओढत म्हणाल्या. "केव्हाच. शरदात. किती गोड बोलत होती ती बाई! मला वाटलं, जनगणनेची असेल."

"काय विचारलं तिने?"

"तुझं नाव. विन्हचं नाव. मग म्हणाली, सुनेचं हे कितवं लग्न?"

"मग?"

"म्हटलं, दुसरं."

हिएन मागाच्या कडेवर बसली. लव्हाळ्याची धार मांडीला बोचली, तरी उठली नाही.

"आई! माझं एकच लग्न झालंय!"

"ते तुला-मला ठाऊक. बाहेरच्याने विचारलं तर दोनच सांगायची, नाहीतर नशिबाला कळेल, असं ज्योतिषीबुवांनी सांगितलंय ना?"

आणि हिएनला तो सगळा प्रकार आठवला. तिच्या पत्रिकेत दोन होड्या होत्या. म्हणजे या बाईला जन्मात दोनदा नवऱ्याच्या होडीत बसावं लागणार. पहिली बुडेल, मग दुसरी. त्यांच्याकडे अशा मुलीच्या दोन वराती काढतात. पहिल्या वरातीत विन्हने तिला पहाटे नेलं, ओवाळलं, आणि अर्ध्या तासाने ती मागच्या दाराने चपला हातात घेऊन माहेरी पळाली. ते लग्न मोडलं असं धरायचं. अकरा दिवसांनी विन्हचीच खरी वरात आली, तंबू, गाणी, तीनशे पानं. नशिबाने बघावं आणि म्हणावं, हिची दोन्ही लग्नं झाली, आता हिच्याकडे काही काम नाही. हिएनला तेव्हा गंमत वाटली होती. पळताना तिच्या बहिणी इतक्या हसल्या की शेजारची कुत्री उठली.

"पुढे त्या बाईने काय विचारलं?"

"पहिला नवरा कुठंय म्हणाली. म्हटलं, त्याला सोडून पळून आली."

हिएनने अर्जात लिहिलं होतं, विवाह एकदाच. सोबत जोडलेले फोटो तिने स्वतः निवडले होते. ट्रंकेतून तिने प्रती काढल्या. लाल पोशाखातले दोन फोटो, एकीकडे पहाटेचा उजेड, दुसरीकडे भर दुपार, आणि कोपऱ्यात कॅमेऱ्याने उमटवलेल्या दोन तारखा. मध्ये अकरा दिवस. परक्या माणसाने बघितलं तर काय दिसेल? खोटं बोलणारी बाई दिसेल.

हेच कारण होतं का? कुणी सांगणार नव्हतं. पण इतक्या महिन्यांत हातात धरता येईल असं हे एकच सापडलं होतं.

"आई, या वेळी फोन आला तर एकच लग्न सांगायचं."

सासूबाईंचे हात थांबले. "म्हणजे माझ्या पोराला मारू?"

"असं कोण म्हणतंय?"

"माझ्याही पत्रिकेत दोनच होड्या होत्या, हिएन. आमच्या वेळी एवढे सोपस्कार करायला होतं काय कुणाकडे? एका वरातीत आले. चौथ्या वर्षी विन्हचा बाप नदीत गेला. चांगला पोहणारा माणूस." त्यांनी देव्हाऱ्यातल्या फोटोकडे पाहिलं, तिथला माणूस विन्हपेक्षा लहान दिसत होता. "विन्ह दिवसभर त्या यंत्रात हात घालतो. एवढं पांघरूण घातलंय त्याच्यावर, ते मी माझ्या तोंडाने ओढू?"

हिएनकडे उत्तर होतं, आणि ते पुस्तकातलं होतं. त्या फोटोपुढे ते तिला उच्चारवेना.

दुसऱ्या दिवशी तिने स्वेनताईला फोन केला. नंबर बदलू का? "बदल, आणि संशय वाढव," ताई म्हणाली. "घर तेच, सासू तीच, नंबर का बदलला विचारतील. त्यापेक्षा एक पत्र जोड. जे आहे ते लिही."

जे आहे ते लिहायला तिला चार दिवस लागले. 'आमच्याकडे अशी प्रथा आहे' असं लिहिलं की पर्यटकांना माहिती दिल्यासारखं वाटे. 'आम्ही नशिबाला फसवण्यासाठी' असं लिहिलं, तर फसवणारी माणसं सरकारला का फसवणार नाहीत? अखेर तिने साधं लिहिलं: वराती दोन, नवरा एक, नोंदणी एक, सोबत दाखला. सासूबाई मागावरून बघत होत्या. त्यांनी कागद फाडला नाही, पण त्या दिवसापासून बोलणं बंद झालं. एका घरात दोन बायका, मधे एक मूल, आणि खिडकीत तो बटणांचा फोन. कुणी सांडशी टाकली तरी दोघी दचकून तिकडे बघायच्या.

अर्ज गेला. सहाव्या दिवशी हिएन तळ्यावरून कपडे धुऊन आली तर तेप पायरीवर बसली होती. मांडीवर हिएनचा फोन, शेजारी पेजेची वाटी. चमचा भरायची आणि काळ्या काचेला लावायची. "बाबा, आ कर. आ." पेज ओघळून तिच्या पायावर येत होती. सासूबाई दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. त्या खाली बसल्या, बाहीने फोन पुसला, मुलीचे पाय पुसले आणि मागावर गेल्या. हिएनला त्यावरून काहीच ओळखता आलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी दहाला बटणांचा फोन वाजला.

हिएन अंगणात होती. ती धावली, पण सासूबाईंनी उचलला होता. त्या ताठ बसल्या होत्या, शाळेत उभं केलेल्या मुलीसारख्या.

"हो, मीच... हो, सून... नाही." मोठा श्वास. हिएनने दाराची चौकट धरली. "एक. एकच लग्न. वराती दोन आल्या, पण नवरी एक आणि नवरा एक. माझा विन्ह. तो पळाला नाही आणि हीही पळाली नाही. मागच्या दाराने गेली ती मी सांगितलं म्हणून... हो. मागे मीच चुकीचं सांगितलं. का? म्हातारी आहे बाई मी, भीती वाटली." मग पलीकडून काही विचारलं गेलं. "तुम्हाला मुलं आहेत का हो?" सासूबाईंनीच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

त्यांनी देव्हाऱ्यात तीन उदबत्त्या लावल्या, तशाच हाताने विन्हला फोन लावला. घंटी वाजत राहिली.

"शिफ्टला असेल, आई. आत जाताना फोन कपाटात ठेवायला लावतात त्यांना."

"माहिती आहे मला."

पाच मिनिटांनी पुन्हा लावला. जेवणाच्या सुट्टीला तो रोज करायचा. आज आला नाही. दोघी जेवल्या नाहीत. दुपारी हिएन कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मागे गेली आणि स्वतःच्या फोनवरून लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिला यंत्र दिसायला लागलं, हात दिसायला लागला. ती पदवीधर होती, कारणाशिवाय काही घडत नाही हे तिला पाठ होतं, आणि आता कारण तिनेच घडवलं होतं, चार दिवस बसून, शुद्ध भाषेत. घरात आली तर उदबत्त्या संपत आल्या होत्या. तिने न सांगता नव्या तीन लावल्या. सासूबाईंनी सरकून तिला जागा करून दिली.

साडेपाचला फोन आला.

"आई, काय झालं? सव्वीस मिस्ड कॉल! अख्खी लाईन बंद पडली होती, जेवायलाही सोडलं नाही. तेप बरी आहे ना?"

"बरी आहे." सासूबाईंचा आवाज कुठून तरी खोलातून आला. "जेवलास का?"

"आत्ता जेवतोय. का केले होते एवढे?"

"असेच. हात दाखव."

"काय?"

"दोन्ही हात दाखव म्हणते ना!"

हिएनने तिच्या फोनवर व्हिडिओ लावला. दोन हात आले, एकात चॉपस्टिक्स. तेप काचेवर झेपावली.

बारा दिवसांनी स्वेनताईने निरोप धाडला. पारपत्रांत व्हिसा चिकटवलेला होता, आईचा आणि मुलीचा. हिएनने पानं मागेपुढे केली, पाकीट उलटं करून झटकलं. पत्र पटलं, फोन पटला, की तिकडच्या कुणाला त्या दिवशी बरं वाटत होतं, कुठे काही लिहिलेलं नव्हतं.

"आता काय शोधतेस?" ताई म्हणाली. "मिळालं की नाही? घरी जा."

निघायच्या दिवशी उकाडा होता. पिवळा कोट घालून पाहिला तर बाह्या तेपच्या कोपरापर्यंतच आल्या. तो शेजारच्या बाळाला दिला. बस गावच्या वेशीवर आठला यायची. साडेसहालाच सासूबाईंनी हिएनच्या हातात रिकामी पिशवी दिली आणि तेपला तिच्या कडेवर बसवलं.

"वेशीपर्यंत जा. आणि मागच्या दाराने परत ये. खरी निघशील ती दुसऱ्यांदा."

"आई..."

"मी तुझं ऐकलं. आता तू माझं ऐक."

हिएनने चपला काढून हातात घेतल्या. या वेळी हसायला बहिणी नव्हत्या. वेशीवरच्या टोफूवालीने विचारलं, "निघालीस का गं?" आणि हिएन म्हणाली, "हो, पहिल्यांदा." मग ती वळली आणि बांधाच्या कडेने, नशिबाला दिसेल इतक्या सावकाश, मागच्या दाराकडे चालू लागली.