एका महागड्या वायरीचा संशय

मी एक जुनी, पण फारशी न वापरलेली स्पीकरची वायर आहे. मित्रांनो, वायर म्हटले की तुम्हाला पंख्याची किंवा इस्त्रीची वायर आठवेल. मी तशी नाही. केसासारख्या बारीक तांब्याच्या शेकडो तारा पिळून मला जाडजूड घडवले. माझ्या अंगावर निळी विणलेली जाळी चढवली, टोकांच्या पिनांना सोन्याचा मुलामा दिला आणि मला मखमली खोक्यात ठेवले. खोक्यावर छापले होते, 'जसा गायला तसाच स्वर'. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

पहिली शंका आली ती दुकानात. ठाण्याच्या त्या दुकानात दीपेश नावाचा विक्रेता होता. एके दिवशी भिवंडीचा ओमकार तिथे आला. तो एका गोदामात सुपरवायझर होता आणि त्याला गाणी ऐकायचा भारी नाद. दीपेशने त्याला आधी साध्या वायरीवर एक गाणे ऐकवले, मग मला जोडले. जोडता जोडता त्याचे बोट आवाजाच्या बटणावरून हळूच फिरले. गाणे जरा मोठ्याने वाजू लागले.

"बघा साहेब, कळला ना फरक?"

"एकदम!" ओमकारचे डोळे चमकले.

फरक माझ्यामुळे पडला की त्या बोटामुळे? पण मला कोण विचारणार! ओमकारच्या दोन्ही स्पीकरांपेक्षा मी महाग होते, तरी त्याने मला घेतले.

त्याला माझी गरज होती ती वडिलांसाठी. भिवंडीतल्याच टेमघरच्या घरात त्याचे वडील, कोंडूबाबा असत. उभे आयुष्य त्यांनी निजामपुऱ्यात कापड विणायचे लूम चालवले आणि ड्युटी सुटली की गायन पार्टीत भीमगीते गायली. त्या कार्यक्रमांचे रेकॉर्डिंग ओमकारने जपून ठेवले होते. पण हल्ली ते लावले की कोंडूबाबा कपाळाला आठ्या घालत. "आवाज येतो रं, पन शब्द फुटत न्हाय." ओमकारने ठरवून टाकले, दोष जुन्या वायरीचा.

मला जोडल्यावर ओमकार म्हणाला, "बाबा, आता कसं वाटतं? काचेसारखा साफ!"

कोंडूबाबा पोराच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "हां, बरा हाय." त्यांचा आवाज ऐकून मला वाटले, हे पोराचे मन राखत आहेत.

त्या घरात सगळेच कशावर ना कशावर संशय घेत होते. कोंडूबाबांचा संशय माणसांवर होता. त्यांची बायको मीराबाई आणि सून रिया स्वयंपाकघरात हसल्या की ते विचारत, "माझ्यावरच हसताय ना?" पार्टीतला पेटीवाला पंढरी जयंतीच्या कार्यक्रमाचे बोलावणे घेऊन आला, तर त्याला म्हणाले, "तुझी पेटी सुरात न्हाय. आन् तुमी सगले तोंडातल्या तोंडात बोलता. मला काढायचा आसल तर सरल सांग!" इतक्या वर्षांचा तो जोडीदार, चहा न घेताच उठून गेला. मीराबाई पदराने डोळे पुसत राहिल्या. मी भिंतीलगत निपचित पडून होते. शब्द फुटत नाहीत, हा दोष माझाच असला तर?

रियाचा संशय मात्र सरळ माझ्यावर होता. "मला तर या वायरीने काडीचा फरक वाटत नाही," ती ओमकारला म्हणाली. "खरं-खोटं करूनच बघू."

रविवारी दुपारी तिने स्पीकरांसमोर फुलाफुलांची चादर बांधली. जुनी काळी-लाल वायर आणि मला घेऊन ती चादरीमागे बसली. आवाजाच्या बटणाला तिने हात लावला नाही. तेच गाणे कधी माझ्यावर, कधी जुन्या वायरीवर लावले.

"ही नवी!" ओमकार खात्रीने म्हणाला.

"ही जुनीच आहे."

पुन्हा लावले. पुन्हा चुकला. ओमकारचा चेहरा उतरला.

"आता बाबांची पाळी," रिया आतून म्हणाली. "बाबा, लावू का?"

कोंडूबाबा गप्प.

"बाबा, तयार आहात ना?"

ते चादरीवरची फुले बघत शांत बसून होते. ओमकारला वाटले, रुसले असतील. रियाने चादरीबाहेर डोके काढून पुन्हा तेच विचारले, तसे ते लगेच म्हणाले, "लाव की! कवाची वाट बघतोय."

रिया थबकली. पुन्हा चादरीआड जाऊन म्हणाली, "बाबा, चहा घेणार?"

उत्तर नाही. बाजूला तांदूळ पाखडणाऱ्या मीराबाईंच्या हातातले सूप तसेच राहिले. "यांना ऐकूच येत न्हाय," त्या पुटपुटल्या. "आपली तोंडा बघून बोलतात."

लुमांच्या खडखडाटात कामगार एकमेकांचे ओठ बघूनच बोलायचे. ती सवय कोंडूबाबांच्या अंगात इतकी मुरली होती की कान कधी गेले, ते त्यांनाही कळले नव्हते.

ओमकारने समोर बसून त्यांना हळूच सांगितले. ते उसळले, "मी बहिरा न्हाय! वायर खराब हाय तुमची!" मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला. शेवटी त्यांनीच विचारले, "मंग... पंढरीची पेटी?"

"सुरात होती, बाबा."

कोंडूबाबांनी टॉवेलात तोंड लपवले.

डॉक्टरांनी कान तपासले. आवाजाने मार खाल्लेला कान पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, पण कानात घालायच्या मशीनचा आधार होईल, असे त्या म्हणाल्या. कोंडूबाबांनी डोळे बारीक केले. "ती मशीन बी वायरीसारखी निंगाली तर?"

"घरी नेऊन वापरून बघा, मग ठरवा," डॉक्टर म्हणाल्या.

सुरुवातीला भांडे आदळले तरी ते दचकून मशीन काढून ठेवत. मग एका सकाळी मीराबाई चुलीकडे तोंड करूनच नेहमीसारख्या ओरडल्या, "अवो, चहा झाला!"

"मीरा, वरडतेस कशाला? ऐकतोय मी."

मीराबाई वळल्या. चहा उतू गेला, तरी बघतच राहिल्या.

त्याच संध्याकाळी कोंडूबाबा पायी पंढरीच्या घरी गेले. जयंतीला दोघे एका मंचावर बसले. वरचे सूर अजून त्यांच्या कानात टोचतात, पण ते गातात.

मी आता कपाटाच्या खणात आहे. दुकानाने मला परत घेतले नाही. माझे तांबे खोटे नाही. स्पीकर दूरच्या मंडपात न्यायचा असता, तर माझ्यासारखी जाड वायर उपयोगी पडली असती. त्या छोट्या खोलीत साधी वायर तेच काम करत होती, आणि आजही करते आहे.

मित्रांनो, महाग वस्तूवर जरूर संशय घ्या. ती डोळ्यांआड ठेवून पारखा. पण घरातले कोणी चिडून म्हणू लागले, की तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात बोलता, तर त्या माणसावर संशय घेऊ नका. त्याच्यासमोर बसा, त्याचा हात हातात घ्या आणि त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. वायर केव्हाही बदलता येते. कान बदलून मिळत नाहीत.