ताईच्या मांजराचा चोर

माझ्या ताईने रुसलेल्या मांजराचं एक चित्र काढलं आणि ते कपांवर छापून विकायला एका साइटवर टाकलं. ऑर्डर आली की कंपनीच कप छापून परस्पर पाठवायची, त्यामुळे घरात एकही कप नव्हता. मांजर खपू लागलं, तशी ताईने आणखी दोन साइटवर दुकानं उघडली. तिथे तिच्या दुकानाचं नाव आधीच कुणीतरी घेतलेलं होतं, म्हणून तिने वेगळी नावं दिली. हे बाबांना सांगायचं मात्र राहून गेलं.

बाबा निवृत्त मुद्रितशोधक. एका दुपारी मोबाइल चाळताना लेकीचं मांजर त्यांना परक्या नावाच्या दुकानात दिसलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी साइटकडे चित्रचोरीची लांबलचक तक्रार केली, काकांनाही करायला लावली.

चार दिवसांनी दुपारी जेवताना ताई रडवेली झाली. "साइटने माझं दुकान बंद केलं. कुणीतरी हात धुऊन मागे लागलंय!"

"तुझंही?" बाबा खुशीत म्हणाले. "अगं, मी आजच तुझ्या चोराचं बंद पाडलं!"

ताईने दुकानाचं नाव विचारलं. बाबांनी सांगितलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा घास हातातच राहिला.

त्याच दुपारी त्यांनी साइटला दुसरं पत्र लिहिलं, पहिल्याहून लांब. 'सदर चोर ही माझी सख्खी मुलगी आहे,' अशी त्याची सुरुवात होती.

आठवड्याने उत्तर आलं: दुकान पुन्हा सुरू केलं आहे. यापुढे तक्रार करण्याआधी कृपया घरात एकदा विचारावे.